बटणावरचं मेण

सखीर, बहारीन
५ डिसेंबर २०२४

प्रिय बहीण महमुदा हिला रहिमतुल्लाचा सलाम.

खट्.

एवढाच आवाज. परवा दिवस बुडताना, मगरिबच्या सुमाराला स्टोव्ह पेटवत होतो आणि तो अगदी कानाशी ऐकू आला. वळून बघितलं. मागे कोण असणार? वाळू आणि पाण्याची टाकी. मग आठवलं. आपल्या घरातल्या रेडिओचं बटण बंद केल्याचा तो आवाज. शहाऐंशीच्या सुट्टीत रोज ऐकलेला. मी रात्री इशाची नमाज पढून घरी यायचो, पडवीत चपला काढायचो, की आतून खट्. शरीफुन्निसा रेडिओ बंद करायची. एकदा विचारलं, "काय लागलं होतं गं?" तर म्हणाली, "काही नाही." दोन वर्षांनी घरी आलेल्या नवऱ्यावरचा राग, असं मी तेव्हा धरून चाललो. अजून तसंच धरून आहे. तिला जाऊन वीस वर्षं झाली, आता विचारायचं कुणाला?

पत्त्यावर सखीर बघून तू कपाळाला आठ्या घातल्या असशील. सांगतो. थंडीचे तीन-चार महिने इथले लोक हौसेने वाळवंटात तंबू टाकतात. आमच्या मालकाचा, आरबाबचाही कॅम्प आहे. मुहर्रकच्या त्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी सत्तेचाळीस वर्षं कारकुनी केली, आता या वयात तो मला राखणीला बसवतो असं समजू नकोस. मीच मागून घेतलं. हवा पालटायला. एक लाकडी केबिन आहे, खाट आहे, खिडकी आहे. वीज नाही. जनरेटर शुक्रवार-शनिवारी लागतो, आरबाबची मंडळी येतात तेव्हा. मोबाइल बहुतेक वेळ मेलेला, म्हणून पत्र. बासितच्या घरी हमद टाउनला सूनबाई, नात, सगळे मजेत.

आता काम. मला एक रेडिओ हवा. जुना. सेलवर चालणारा, हातात धरून नेता येईल असा, बटण पिळून स्टेशन लावायचा, मीडियम वेव्ह असलेला. हमद टाउनच्या दुकानात विचारलं तर त्याने पेनड्राइव्हवाला डबा पुढे केला. मीडियम वेव्ह म्हटल्यावर हात झटकून, "मफी, बाबा, मफी." नाही म्हणजे नाहीच. आणि खरं सांगू? नवा असता तरी मला नको होता. नव्या रेडिओला आपल्या गावाचं काय माहीत?

गावात तीन-चार रेडिओ माझ्याच हातचे आहेत, दर सुट्टीला एक आणलेला. त्यातला कुठला जिवंत आहे ते बघ, वाजवून बघ, आणि येणाऱ्या कुणा माणसाबरोबर पाठव. जन्मभर मी इकडून माणसांबरोबर सामान धाडलं, आता एकदा उलटं होऊ दे. बासितकडे नको, मुहर्रकला ओळखीच्या खिजरच्या दुकानात ठेवायला सांग. पाण्याचा टँकरवाला तिथून आणून देतो.

काल दोन ओळी सुचल्या. विठ्ठल मास्तर असते तर टेबलावर अंगठी वाजवून मात्रा मोजल्या असत्या.

वाळूत एक खोली, खोलीत एक माणूस,
बाहेर रात्र कोरडी, आत जुना पाऊस.

तुझा भाई
रहिमतुल्ला

*

कारूळवाडी, ता. गुहागर
२२ डिसेंबर

भाईला महमुदाचा सलाम.

पत्र मिळालं. अर्धं आवाजाचं, अर्धं वाळूचं. गुडघ्याबद्दल एक ओळ नाही, साखरेबद्दल अर्धी नाही. आणि आत जुना पाऊस म्हणजे काय? छप्पर गळतंय का? तसं असेल तर आरबाबला सांग, मला कविता कसली लिहितोस?

तुझे रेडिओ बघून आले. चार दिवस घरोघर फिरले, लोकांना वाटलं निवडणूक आली.

मुकादमांकडचा दोन स्पीकरवाला आहे. मागचं झाकण गेलंय आणि आत कोंबडी अंड्यांवर बसलीय. मुकादमीण म्हणाली, पिल्लं निघेपर्यंत रेडिओला हात लावायचा नाही. म्हणजे एकवीस दिवस तुला कोंबडीची परवानगी लागेल.

माझा लाल, तू लग्नात दिलेला, तो वाजतो. पण नातवंडांनी बटण उपटलंय. पक्कड लावून स्टेशन लावावं लागतं. या वयात तू पक्कड शोधत बसशील.

विठ्ठल मास्तरांचा मात्र आहे तसा आहे. चामड्याचं कव्हर, त्याला भोकं, खांद्याला अडकवायचा पट्टा. मास्तरांच्या लक्ष्मीने जपलाय. मोठा केला की जरा खरखरतो, बाकी छान. लक्ष्मी म्हणाली, "रहिमकाका मागतात तर न्या. बाबा असते तर स्वतः खांद्याला लावून निघाले असते."

चौथा भाबीचा, तुमच्याच माळ्यावर. तिच्या गोधडीत गुंडाळलेला होता. तो बाद. स्टेशनच्या बटणाभोवती कुणीतरी मेणबत्तीचं मेण ओतून ठेवलंय. काटा जागचा हलत नाही. असला रेडिओ काय कामाचा?

तेव्हा मास्तरांचा की माझा, ते कळव.

मध्ये चिपळूणला जाऊन आले. कसल्याशा कागदाला फोटो हवा होता. फोटोवाला म्हणतो, "आजी, हसू नका." मी म्हटलं, "बाबा, हसण्यासारखं तू काही बोललास तरी का?"

बासितकडे रेडिओ का नको, ते मी विचारत नाही. विचारत नाही म्हणजे मला कळत नाही असं नव्हे.

महमुदा

*

सखीर
३ जानेवारी २०२५

प्रिय महमुदा,

तुझं पत्र टँकरवाल्याने पाण्याबरोबर आणलं. आधी पत्र वाचलं, मग पाणी प्यालो.

मास्तरांचाच पाठव. कव्हरची भोकं वाचली आणि मी सातवीच्या वर्गात जाऊन बसलो. मास्तर कविता शिकवायचे नाहीत, वाजवायचे. डोळे मिटून, अंगठीने टेबलावर ठेका धरून. खिडकीतून खाडी दिसायची, आणि भरतीचं पाणीसुद्धा त्याच ठेक्यात चढतंय असं वाटायचं. एकदा म्हणाले होते, "रहिमतुल्ला, पोरांनी माझ्याच आवाजात किती ऐकायचं? चांगल्या गळ्यातली कविता ऐकायला हवी यांनी." ते वाक्य मी बोटीत, विमानात, मुहर्रकच्या दुकानात सांभाळलं आणि सहा वर्षांनी रेडिओ घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. मास्तरांनी रेडिओ बघितलाच नाही, माझ्याकडे बघत राहिले.

पण लक्ष्मीच्या घरातून तो उचलायचा म्हणजे... नको का? तूच ठरव. नाही, मास्तरांचाच पाठव. का तुझा लाल? पक्कड इथे आहे.

शरीफाचा बाद केलास ते बरं झालं. तो मी सगळ्यांत जास्त दुकानं हिंडून घेतला होता. मनामाच्या बाजारात दुकानदार कंटाळला, इतके आवाज ऐकले. आणि तिने त्यात मेण ओतलं! नको होता तर सांगायचं होतं. आता मला त्या खट्चा अर्थ अधिकच कळतो.

सहज विचारतो, काटा कुठल्या आकड्यावर अडकलाय? काही कारण नाही. सहज.

तू विचारत नाहीस म्हणून सांगतो. मी हवा पालटायला आलेलो नाही. नोव्हेंबरात बासितच्या घरी जेवताना मी म्हटलं, "भाकरी जरा जाड झालीय." दुसरं काही नाही. तर बासित म्हणाला, "अब्बा, तुम्ही पाहुण्यासारखे बोलता. आमच्याकडे तुम्ही कायम पाहुणेच होतात. अम्मीला मातीसुद्धा तुमच्याशिवाय दिली. तिसऱ्या दिवशी आलात." सूनबाई नाझिश त्याला खुणेने गप्प करत होती. अलिनाला मराठी कळतं, पण नात माझी उत्तर इंग्रजीत देते. त्या दिवशी ती ताट उचलून आत गेली. बासितचं चुकलं असं म्हणत नाही मी. खरं बोलला. खऱ्याबरोबर एका घरात राहणं अवघड जातं, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी आरबाबकडे गेलो.

त्याला काही बोलू नकोस.

फोटो आधारकार्डाचा असेल. बोटांचे ठसे घेताना हात कोरडे ठेव.

रहिमतुल्ला

*

कारूळवाडी
१६ जानेवारी

भाई,

काही बोलू नकोस म्हणतोस आणि पत्र मला लिहितोस. बासितशी माझं पहिल्याच पत्रानंतर बोलणं झालंय. सख्खी फुफी आहे मी त्याची, मला तुझी परवानगी लागत नाही. काय बोलले ते आमच्यात राहू दे.

आता तुझा काटा. सिराजला बोलावलं होतं, तोच तो, गावातले मिक्सर दुरुस्त करतो. मी म्हटलं होतं, भाबीचाही मोकळा करून बघ. त्याने सुरी तापवली, मेणाला लावणार तेवढ्यात दारात पोस्टमन, तुझं पत्र. मी म्हटलं, थांब, आधी आकडा बघू दे, भाई विचारतोय. चष्मा लावून बघितलं. मधल्या पट्टीवर, आठाच्या किंचित पुढे.

सिराजने तसेच सेल घातले. दिवसभर नुसता रवा भाजल्यासारखा आवाज. तो म्हणाला, "खाला, तिथे काही नाही, फेकून द्या." मी सुरू ठेवून कामाला लागले. आपली मगरिबची अजान झाली, नमाज झाली, भात झाला. आणि सव्वा तासाने रवा भाजायचा थांबला. कुणीतरी अरबी बोलायला लागलं, अगदी शेजारच्या खोलीत बसल्यासारखं. आणि मग अजान. आपली होऊन गेल्यावर ही कुणाची? मी पदराने हात पुसत तशीच उभी.

मग मला एक आठवलं. भाबी पोरांना रेडिओजवळ फिरकू द्यायची नाही. एकदा बासितने गाण्यासाठी बटण फिरवलं. तिने त्याला असा मारला की मी मध्ये पडले. माझी भाबी, जी कोंबडीलाही हाकलताना हळू हाकलायची! आणि दुसऱ्या दिवशी बटणावर मेण. मी म्हटलं होतं, "एवढं काय गं त्या अरबीत? तुला कळतं का एक अक्षर?" ती म्हणाली, "कळायला कशाला हवं?"

मला वाटलं, सवाब मिळतो, पुण्य लागतं म्हणून ऐकत असेल. बासितला हे फोनवर सांगितलं. त्याने मला ते दोनदा सांगायला लावलं. 

मला त्यातलं कळत नाही, भाई. कुठलं स्टेशन, कुठला देश, ते तू सांग. मास्तरांचा रेडिओ बांधून ठेवलाय. जाणारं माणूस मात्र अजून मिळालेलं नाही.

आणि हो, कुणाकडून कळलं तर घाबरू नकोस, घरी पोलीस येऊन गेला. नाव विचारलं, चहा प्यायला, गेला. चांगला होता.

महमुदा

*

सखीर
२७ जानेवारी

महमुदे,

पोलीस कशाला आला होता? ते लिही आधी.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायला उजेड नव्हता. दुसऱ्या दिवशी टँकरवाला आला तेव्हा त्याला म्हटलं, तुझ्या गाडीतला रेडिओ लाव, मीडियम वेव्ह, आठाच्या जरा पुढे. तो म्हणाला, "चाचा, उधर सिर्फ बहारीन आता है।"

बहारीन.

महमुदे, ती माझी मगरिब ऐकत होती.

आपला सूर्य आधी तुमच्या खाडीत बुडतो, मग समुद्र ओलांडून माझ्याकडे यायला त्याला तास-सव्वा तास लागतो. तुमची इशा, ती माझी मगरिब. तेवढा वेळ ती चुलीपाशी थांबायची, इथली अजान ऐकायची, आणि मग पोरांना वाढायची. मी मुहर्रकच्या खोलीत त्याच वेळी काय करत होतो सांगू? रेडिओ कानाला लावून मुंबई शोधत होतो. एखादी मराठी ओळ लागते का बघत होतो. ती इकडे ऐकत होती, मी तिकडे. दोघांचे कान समुद्राच्या दोन काठांना, आणि मध्ये कुणी कुणाला सांगितलं नाही.

आणि तो खट्. मी सुट्टीवर आलो की सवयीने ती रेडिओ लावायची, आणि माझ्या चपला पडवीत वाजल्या की बंद करायची. माणूस घरात आल्यावर त्याच्या गावची अजान कशाला ऐकायची? एवढं साधं. चाळीस वर्षं मी त्याला राग म्हणत आलो. कवितेत कुणी असं केलं असतं तर मास्तरांनी विचारायच्या आधी मी हात वर केला असता. घरात घडलं आणि मला अर्थ लागला नाही.

आता ऐक. मास्तरांचा रेडिओ लक्ष्मीला परत दे. शरीफाचा माळ्यावर ठेव. कुणाबरोबर पाठवू नकोस, सिराजला हात लावू देऊ नकोस, मेणाला नख लावू नकोस. मला रेडिओ नको.

या पत्रात तुला लिहिणार होतो की रमजानच्या आधी कॅम्प उठला की मी गावी येतो. कायमचा. तंबू मोजताना, टाकी भरताना हेच मनात होतं. दोन महिने मी रेडिओ मागत नव्हतो, "परत येतोस का" असं तू कधी विचारतेस याची वाट बघत होतो. आता येववत नाही. ज्या घरात ती रोज एवढी उभी राहिली, तिथे मी कुठे उभा राहू? आरबाब म्हणतो, "रहीम, उन्हाळ्यात केबिन माझ्या मळ्यात हलवू, तू इथेच राहा." विसाव्या तारखेनंतर उत्तर मागितलंय. मी हो म्हणणार आहे.

तुझा
रहिमतुल्ला

*

कारूळवाडी
६ फेब्रुवारी

भाई,

पत्र पोचलं. रडून झालं, आता लिहिते.

कुठे उभा राहू म्हणतोस. पडवीत. चपला काढायच्या तिथे. आणखी कुठे?

पण तुझ्याशी कागदावर भांडण्यात अर्थ नाही, तू लगेच कविता करतोस. मला एवढं कळव, तिकडे थंडी किती असते? शाल पुरते की स्वेटर लागतो? आणि वाळूत कुठली चप्पल चालते, पट्ट्याची की बंद? मुकादमांकडचं कुणीतरी विचारत होतं.

कोंबडीला नऊ पिल्लं झाली.

आरबाबला घाईने काही सांगू नकोस. मोठ्या माणसाला दोन दिवस ताटकळत ठेवलं तर काही बिघडत नाही.

महमुदा

*

सखीर
२० फेब्रुवारी

प्रिय महमुदा,

थंडी आता ओसरली, शाल पुरते. चप्पल पट्ट्याची, मागून बांधलेली. बंद बूट वाळूने भरतात. मुकादमांकडचं कोण येतंय इकडे? नोकरीला असेल तर आधी व्हिसा नीट बघायला सांग.

तंबू उठले. आज दुपारी माणसं शेवटचे खांब घेऊन गेली. वाळूवर तंबूंचे चौकोन तेवढे राहिलेत, वारा एकेक पुसतोय. केबिनमध्ये मी, खाट आणि स्टोव्ह. लांब रेसच्या ट्रॅकवर कुणीतरी एकच गाडी फिरवतंय. युनिव्हर्सिटीचे दिवे लागले.

उद्या आरबाब येणार. त्याला द्यायचं उत्तर मी रोज या वहीत लिहून बघतोय. "राहतो" असं लिहिलं की हात थांबतो. "जातो" लिहिलं की पान फाडतो. सत्तेचाळीस वर्षं दुसऱ्यांची बिलं एका खोडाखोडीशिवाय लिहिली, आणि स्वतःचा एक शब्द लिहिता येत नाही. आज ठरवलं, आधी तुला लिहायचं. तुला जे लिहीन तेच आरबाबला सांगायचं. तर महमुदे, मी

गाडीचा आवाज येतोय. आज टँकरचा दिवस नाही. आरबाब उद्या यायचा.

लांब थांबली, वाळू सुरू होते तिथे. ही बासितची पांढरी गाडी आहे. चार महिन्यांत एकदाही इकडे न वळलेली. बासित उतरला. अलिनापण आहे. कुणाला तरी हात देऊन उतरवताहेत.

एक ठेंगणी बाई. काळा बुरखा, त्यावर शाल. अलिना तिला इंग्रजीत काहीतरी सांगतेय आणि ती मराठीत तिला झापतेय, "धरू नकोस गं मला, पडायला म्हातारी झाले नाही मी!" चपला पट्ट्याच्या आहेत, पण मागून बांधलेल्या नाहीत. काढून हातात घेतल्या. वाळूतून अनवाणी येतेय. बासित मागून बॅग घेऊन येतोय, मान खाली.

तू!

जी चिपळूणच्या पुढे कधी गेली नाही, ती तू.

फोटो पासपोर्टचा. पोलीसही त्याचाच. शाल. मी काय काय वाचलं त्या पत्रांत, आणि काय नाही वाचलं.

खिडकीतून तू मला दिसतेस, मी तुला अजून दिसलेलो नाही. वहीवरचा हात थांबत नाही, म्हणून समोर असलेल्या माणसाला पत्र लिहितोय. तुझ्या काखेत गोधडी आहे. शरीफाची, निळ्या ठिगळांची. आतून आवाज येतोय. पाठवू नकोस म्हटलं होतं मी. अगं, सुरू ठेवूनच आणलास? अजान चाललीय. मगरिबची. आठाच्या जरा पुढची.

तू पायरीशी आलीस. बासितला म्हणतेस, "जाणारं माणूस मिळेना, मग म्हटलं आपणच जाऊ." आणि मग दाराला तोंड लावून, जरा मोठ्याने, "भाई! परतीची तिकिटं दोन आहेत. एक माझं. दुसरं कुणाचं, ते बाहेर येऊन विचार."

बासित वाकून तुझ्या पायांची वाळू झटकतोय.

मी खुर्ची मागे सारली. आवाज झाला. तू वर बघितलंस, खिडकीत मी. गोधडीत हात घातलास.

खट्.